लस कुणाकडून टोचून घ्यावी : सिस्टरकडून की मेडिकलवाल्याकडून?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजारगावात माझं मेडिकल आहे. हंगामात कुणी ना कुणी हाताला फडकं गुंडाळून येतंच. "भाऊ, धनुर्वाताचं तुमीच टोचून द्या ना, मले कायले पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) धाडता?" मी टोचत नाही. माणसाला राग येतो, पण त्यामागं कारण आहे.

शिकाऊ होतो तेव्हा एका दुकानात काउंटरमागं सर्रास इंजेक्शनं द्यायचे. एक तरुण सुई घेऊन दोन पावलं चालला आणि खाली कोसळला. नुसती घेरी होती, उठला. पण ती रिअॅक्शन असती तर? आमच्याकडे ना खाट होती, ना अॅड्रेनलिन (जिवावरच्या रिअॅक्शनवरचं इंजेक्शन), ना ते कधी द्यायचं हे ठाऊक असलेला माणूस. तेव्हापासून टोचणं हे माझं काम नाही, हे मी मनाशी पक्कं केलं.

उलट अंगणवाडीत लसीकरणाच्या दिवशी जाऊन बसा. आमच्या सिस्टर आईसपॅक कानाशी धरून हलवतात. आत पाण्याचा आवाज आला तरच तो लस नेण्याच्या कॅरिअरमध्ये जातो, कारण कडक गोठलेल्या पॅकला टेकून पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्र लस) गोठली की ती वाया गेली. कुपीवरच्या गोलातला चौकोन उष्णतेनं गडद होत जातो; तो गोलाइतका गडद दिसला तर कुपी बाद. गोवर-रुबेलाची लस कालवली की वेळ लिहितात. 4 तासांनंतर ती वापरत नाहीत. पेंटा डाव्या मांडीत, गोवर-रुबेला उजव्या दंडात, एकदाच वापरता येणारी सिरिंज. टोचल्यावर अर्धा तास आईला बसवून ठेवतात, आणि रिअॅक्शनसाठीची पेटी शेजारीच असते. कार्डावर पुढची तारीख पडते. माझ्या दुकानात यातलं एकही होत नाही.

सिस्टरकडे चुका होत नाहीत असं नाही. आमच्याच जिल्ह्यात 2021 च्या पोलिओ मोहिमेत 12 बालकांना डोसाऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं बचावली. म्हणून आईबापांनी कुपी दाखवा म्हणायला लाजू नये. दुसरी अडचण दिवसाची : लहान गावात सत्र महिन्यातून एकदाच, आणि नेमका त्याच दिवशी मजुरीचा खाडा पडतो.

ब्रिटन, कॅनडा, अमेरिकेत फार्मासिस्ट फ्लूची लस टोचतात, पण वेगळं प्रशिक्षण घेऊन. आपल्याकडेही कोविडच्या वेळी केंद्राच्या सूचनांत लस टोचणाऱ्यांच्या यादीत फार्मासिस्ट होते. म्हणजे हात आमचाही चालेल. पण तो सत्रात, तयारीनिशी. काउंटरवर नाही.

मग मेडिकलवाल्याचा उपयोग कुठं? फ्रिजमध्ये. लस 2 ते 8 अंशांत राहायला हवी, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, त्यात लोडशेडिंग. लस घेताना दुकानदाराला फ्रिजचं तापमान विचारा. थंड पेयाच्या बाटल्यांत कोंबलेली कुपी घेऊ नका. घेतलेली लस खिशात घालून मोटारसायकलनं नेऊ नका, बर्फाच्या डब्यात न्या, आणि बर्फाला थेट टेकवू नका.

आता कुठं जायचं ते. बाळाच्या लसी सिस्टरकडेच, तिथं त्या फुकट आहेत. जखमेवरची टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) पीएचसीत. रात्री-बेरात्री ग्रामीण रुग्णालयात. कुत्रं चावलं तर आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं जखम धुवा, हळद-चुना काही लावू नका, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. तिथं रेबीजची कातडीत टोचायची लस 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी देतात; पहिला दिवस म्हणजे 0. जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेभोवती सिरमही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) लागतं, आणि ते ठरवणं डॉक्टरचं काम. मेडिकलमध्ये सुई घेऊन परत फिरलेल्या माणसाचं नेमकं तेच राहून जातं. मोठ्यांना फ्लू किंवा हिपॅटायटिस बीची लस हवी असेल तर चिठ्ठी डॉक्टरची, कुपी माझ्याकडची, सुई त्यांच्याच दवाखान्यात. बिलावर बॅच नंबर आहे का ते बघा, नसेल तर माझ्याकडून लिहून घ्या, आणि ते बिल कार्डाला टाचून ठेवा.