साडेसहानंतरचा जीपी: वर्षभर वापरून झाल्यावर

रेडिंगहून पॅडिंग्टनला रोज जा-ये करणाऱ्या माणसाला इथल्या जीपीच्या, म्हणजे नाव नोंदवलेल्या फॅमिली डॉक्टरच्या, वेळा निव्वळ थट्टा वाटतात. सोमवार ते शुक्रवार, सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसहा. आठ वाजता मी गाडीत उभी असते आणि साडेसहाला ऑफिसातून जेमतेम बाहेर पडलेली असते. त्यात त्या दिवसाची वेळ हवी तर ‘सकाळी आठ वाजता फोन करा’ हा प्रकार. इंग्लंडात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. मेडनहेडच्या अलीकडे रेंज जाते आणि रांगेत अकरावा असलेला नंबर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

म्हणून साडेसहानंतरची आणि शनिवारची जी सोय आहे, ती मी गेलं वर्षभर नेटाने वापरली. माझ्यासाठी, मुलासाठी आणि उन्हाळ्यात आलेल्या सासूबाईंसाठीही. आपल्या लोकांपैकी बऱ्याच जणांना ती असल्याचंच ठाऊक नाही आणि ज्यांना ठाऊक आहे ते तिच्याकडून भलतीच अपेक्षा ठेवतात. म्हणून हे जरा सविस्तर.

आधी सोय काय आहे ते. तिचं नाव ‘एन्हान्स्ड अॅक्सेस’. ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडमध्ये जीपींच्या गटांवर ही जबाबदारी आहे: कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसहा ते आठ आणि शनिवारी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. गट म्हणजे आसपासच्या काही सर्जऱ्या (जीपींच्या दवाखान्यांना इथे सर्जरी म्हणतात) मिळून साधारण तीस ते पन्नास हजार पेशंट. दर हजार पेशंटमागे आठवड्याला साठ मिनिटं, असं माप ठरलेलं आहे. हे माप एकदा हिशेबाला लावून बघा, म्हणजे पुढची सगळी चिडचिड निम्म्यावर येते. चाळीस हजारांचा गट धरला तर आठवड्याला चाळीस तास. पाच संध्याकाळी आणि एक शनिवार मिळून घड्याळाचे साडेपंधरा तास. म्हणजे कुठल्याही एका क्षणी सगळ्या गटासाठी अडीच माणसं बसलेली. ती सगळी डॉक्टरच असतील असंही नाही. नर्स, फार्मसिस्ट, फिजिओ, रक्त घेणारी मदतनीस, सगळे त्याच तासांत मोजले जातात.

सांगलीला आमचे डॉक्टर संध्याकाळी सहाला दवाखाना उघडायचे आणि साडेनऊ-दहापर्यंत बसायचे. दिवसभर कामावर असलेली माणसं रात्रीच येणार, हे त्यांना कुणी परिपत्रक काढून सांगितलं नव्हतं. पेशंट आला तर फी मिळणार, इतका तो सरळ मामला होता. इथे जीपीला मुख्य पैसे मिळतात ते नाव नोंदवलेल्या माणसामागे, वर्षाचे. तुम्ही दहादा जा नाहीतर एकदाही जाऊ नका. मग रात्री दिवे कोण चालू ठेवणार? सरकारने वेगळे पैसे लावून ही वेळ मुद्दाम तयार करून घेतली आहे. ‘इथले डॉक्टर आळशी’ असं आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर आठवड्याला कुणीतरी लिहितं, ते मला त्यामुळे पटत नाही. पैशाची वाट जिकडे, तिकडे वेळ.

आता वापराचं. पहिली गोष्ट, ही अपॉइंटमेंट तुम्हाला कुणी आपणहून देत नाही. निदान आमच्या सर्जरीत तरी नाही. अॅपवर फक्त सर्जरीच्या स्वतःच्या वेळा दिसतात. फोन केला की रिसेप्शनवरची बाई पुढच्या पंधरवड्यातला मंगळवार दुपारचा अडीच देते आणि गप्प बसते. तेव्हा आपण म्हणायचं, ‘एन्हान्स्ड अॅक्सेसमध्ये संध्याकाळचं किंवा शनिवारचं काही आहे का?’ तेवढं म्हटल्यावर तिकडे कीबोर्डचा आवाज सुरू होतो, दुसरा स्क्रीन उघडतो आणि बहुतेक वेळा काहीतरी सापडतं. हे गुपित नव्हे, सर्जरीच्या संकेतस्थळावर कुठेतरी खाली लिहिलेलंही असतं. पण विचारल्याशिवाय मिळत नाही एवढं खरं. फोन करायचा तो अकराच्या सुमारास. आठची झुंबड ओसरलेली असते आणि मीही चहाच्या निमित्ताने जागेवरून उठलेली असते. ऑक्टोबर २०२५ पासून तातडीच्या नसलेल्या गोष्टींसाठीचा ऑनलाइन फॉर्म सर्जरीच्या पूर्ण वेळात उघडा ठेवणं बंधनकारक झालं आहे, त्याने फोनचा त्रास थोडा कमी झाला. त्या फॉर्ममध्येही मी शेवटच्या रकान्यात ‘फक्त संध्याकाळ किंवा शनिवार’ असं लिहून टाकते.

दुसरी गोष्ट, जायचं कुठे. आपल्याच सर्जरीत असं समजून लोक जातात आणि बंद दारावर धडका मारून येतात. ही सोय गटातल्या एखाद्या सर्जरीत असते. आमच्या घरापासून ती १७ नंबरच्या बसने ऑक्सफर्ड रोडच्या पलीकडच्या टोकाला. शनिवारी सकाळी तिथे पोचलं तर निम्मे दिवे बंद, औषधाच्या खिडकीवर शटर, आणि नाव नोंदवायच्या यंत्रात जन्मतारीख घातली की ‘तुमची अपॉइंटमेंट सापडली नाही’. कारण आपण त्या सर्जरीचे पेशंटच नाही. पहिल्यांदा पोटात गोळाच आला. तेवढ्यात आतून एक नर्स आली, हातात छापील यादी, त्यावर पेनाने खूण केली आणि म्हणाली, ते यंत्र आज विसरा. एका कागदी यादीवर चाललेली ही सोय, पण त्या सकाळी सगळं अगदी वेळेवर. दिलेल्या वेळेनंतर पाच मिनिटांत मी आत होते. कामाच्या दिवशी स्वतःच्या सर्जरीत हे माझ्या बाबतीत अजून घडायचं आहे.

मी तेव्हा स्मिअरसाठी, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पूर्वतपासणीसाठी, गेले होते. बायकांनो, या एका कामासाठी तरी शनिवार वापराच. पंचवीस ते चौसष्ट वयाच्या सगळ्यांना बोलावणं येतं आणि आपल्यातल्या कितीतरी जणी ‘सुट्टी काढावी लागेल’ या एका कारणावर ते पत्र फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवतात. शनिवारी घाई नसते. नर्सने आधी सगळं नीट समजावलं, मध्ये थांबायचं असेल तर हात वर कर म्हणाली, दहा मिनिटांत मोकळी.

तशीच वर्षाची थायरॉईडची तपासणी. इथे एक मेख आहे. रक्ताच्या बाटल्या लॅबला नेणारी गाडी आमच्याकडे शनिवारी लवकर येऊन जाते. त्यामुळे शनिवार ‘नऊ ते पाच’ असला तरी रक्त द्यायचं असेल तर पहिल्या दीड-दोन तासांतलीच वेळ मागा. मला एकदा दुपारी तीनची दिली, गेल्यावर मदतनीस म्हणाली आता घेऊन उपयोग नाही, नासेल. येण्या-जाण्याचा तास वाया. तक्रार केली, माफीचं ईमेल आलं, पुढच्या वेळी पुन्हा दुपारचीच वेळ देऊ केली. असो. जाता जाता, इंग्लंडमध्ये थायरॉईडची गोळी कायमची चालू असेल तर सूट मिळण्याचं प्रमाणपत्र निघतं आणि मग सगळीच प्रिस्क्रिप्शनं फुकट, फक्त थायरॉईडचं नव्हे. एका औषधाचे ९.९० पौंड पडतात, तेव्हा हा फॉर्म सर्जरीतून मागून घ्याच. मला तो संध्याकाळच्या फार्मसिस्टनेच सुचवला. त्याआधी तीन वर्षं कुणी बोललं नव्हतं.

संध्याकाळच्या वेळेचा दोष वेगळा. पावणेआठला डॉक्टरने तपासलं, औषध लिहिलं, ते त्याच क्षणी तुमच्या ठरलेल्या केमिस्टकडे संगणकातून गेलंही, पण तो केमिस्ट सहालाच शटर ओढून घरी गेलेला. पूर्वी आठवड्याला शंभर तास उघडी राहणारी दुकानं होती. २०२३ मध्ये त्यांना बहात्तर तासांपर्यंत खाली यायची मुभा मिळाली आणि आमच्या भागातलं दुकान लगेच खाली आलं. म्हणून आत बसल्या बसल्याच डॉक्टरला सांगायचं की आजच्यापुरतं प्रिस्क्रिप्शन अमुक सुपरमार्केटमधल्या फार्मसीकडे पाठवा. ते दोन क्लिकमध्ये होतं. बाहेर पडल्यावर आठवलं तर मग सकाळ.

मुलाच्या बाबतीत मात्र या सोयीचा मला फारसा उपयोग झाला नाही, आणि तो तसा व्हायचाही नव्हता. पोराचा कान शुक्रवारी संध्याकाळीच दुखतो. त्या दिवसाच्या सगळ्या वेळा केव्हाच भरलेल्या असतात. ही सोय ठरवून करायच्या कामांची आहे, अचानक उपटणाऱ्या दुखण्यांची नाही, हे लक्षात यायला मला थोडा वेळ लागला. कानासाठी खरा उपयोगी पडला तो केमिस्ट. जानेवारी २०२४ पासून सात ठरावीक तक्रारींवर फार्मसिस्ट स्वतः तपासून गरज असेल तर अँटिबायोटिकसुद्धा देऊ शकतो: मुलांचा कान, घसा, सायनस, चावलेल्या किड्याची चिघळलेली जागा, नागीण, त्वचेवरचे संसर्गाचे फोड, आणि बायकांचा साधा लघवीचा संसर्ग. वयाच्या अटी आहेत, पण आमचा सात वर्षांचा त्यात बसला. फार्मसिस्टने छोट्या खोलीत नेऊन दुर्बिणीने कान पाहिला, अँटिबायोटिक नको म्हणाली, पॅरासिटामॉल आणि दुखणं कमी करणारे थेंब दिले. आमच्या ह्यांना ते पटलं नाही (‘एवढं लाल आहे आणि नुसते थेंब?’), पण रविवारी पोरगा खेळायला गेला.

आठनंतर, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी १११, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचा सल्ल्याचा नंबर. फोन करा, चाळीस प्रश्नांची उत्तरं द्या, मग कधी परत फोन येतो, कधी रात्रीच्या डॉक्टरची वेळ मिळते. शनिवारी सकाळी १११ लावण्यात आणखी एक फायदा आहे. गटाच्या त्या दिवशीच्या रिकाम्या राहिलेल्या जागा १११ च्या हाती देण्याची तरतूद आहे, त्यामुळे कधी कधी फिरून तिथेच वेळ मिळते. छातीत दुखणं, श्वास लागणं, तोंड वाकडं होणं असलं काही असेल तर यातलं काहीच करू नका, थेट रुग्णवाहिकेसाठी ९९९.

आता सासूबाईंचं, कारण दरवर्षी एप्रिल उजाडला की आई-वडिलांना आणणाऱ्यांचे प्रश्न सुरू होतात. त्या चार महिन्यांच्या गोळ्या घेऊन आल्या होत्या, पण बीपीची एक पट्टी पुण्याच्या घरीच राहिली. पाहुण्यांना जीपी दाखवता येत नाही असा आपल्याकडे पक्का समज आहे. तो खरा नाही. इंग्लंडमध्ये जीपीकडची तपासणी सगळ्यांना मोफत आहे, पर्यटक व्हिसावर असले तरी. तीन महिन्यांच्या आतल्या मुक्कामासाठी तात्पुरती नोंदणी होते. पैसे लागतात ते हॉस्पिटलात दाखल व्हायची वेळ आली तर, आणि ते नेहमीच्या दराच्या दीडपट, तेव्हा प्रवासाचा विमा चुकवू नका. साठीपुढच्यांना प्रिस्क्रिप्शनही फुकट.

नोंदणीला दोन-तीन फोन लागले, पण शनिवारची वेळ मिळाली. फोनवर मराठी दुभाषी हवा असं आधी सांगितलं होतं. तो मोफत मिळतो, आणि मिळालाही, आवाजावरून विदर्भातल्या वाटणाऱ्या एक बाई. समोर क्लिनिकल फार्मसिस्ट, तरुण मुलगा. त्याने दंडाला पट्टा लावला, दोनदा बीपी घेतलं, जुन्या गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो बघून इथलं तेच औषध शोधलं, पायाला सूज येते का विचारलं. सासूबाई दुभाषी बाईंशीच गप्पा मारायला लागल्या, माहेर कुठलं वगैरे. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, ‘अगं, पण डॉक्टर कुठे होते?’

‘आई, तेच बघतात इथे गोळ्यांचं.’

‘नाडी नाही धरली, जीभ नाही बघितली. आपले कुलकर्णी डॉक्टर बघ, दारातून आत शिरलं की ओळखतात.’

मी काही बोलले नाही. पण दुखऱ्या गुडघ्यासाठी सासूबाई दुकानातून आणून घेत असलेली गोळी बीपीला वाईट, हे त्या मुलाच्या लगेच लक्षात आलं होतं, आणि त्या ती गोळी घेतात हे कुलकर्णी डॉक्टरांना आजवर कुणी सांगितलेलंच नव्हतं. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे म्हणायचं.

पाचपैकी साडेतीन तारे. नोकरीतल्या, दीर्घ आजाराच्या नियमित तपासण्या असणाऱ्या, स्मिअर किंवा मुलांच्या लसी लांबणीवर टाकणाऱ्या माणसाला ही सोय सोन्यासारखी आहे. ज्याला आपलाच डॉक्टर, आपली सगळी हकीकत जाणणारा, हवा आहे त्याने दिवसाची रजाच काढावी. संध्याकाळी समोर बसलेल्याला तुमचा रेकॉर्ड दिसतो, पण तुम्ही माहीत नसता, आणि पुढच्या वेळी तिसराच कुणी असतो. गुंतागुंतीच्या दुखण्यासाठी मी हे टाळते. वेळ रद्द करायची असेल तर मात्र आदल्या दिवशी नक्की कळवा. मागच्या शनिवारी मी बसले होते तेवढ्यात नर्सने यादीतली तीन नावं हाका मारून खोडली आणि तीच वेळ मागणाऱ्या एकीला आदल्या दिवशी नाही म्हटलं होतं. ती माझ्याच ऑफिसातली.