२००५ चा फ्री-टू-एअर बॉक्स, नवे कंडेन्सर आणि एक अख्खा पावसाळा

फेब्रुवारीत टीव्हीला जोडायच्या फुकट चॅनेलवाल्या डिश बॉक्सचे कंडेन्सर (कपॅसिटर) बदलले, आता नोव्हेंबर चालू आहे, मधे आमच्याकडचा पावसाळा पण काढला त्यांनी, म्हणून म्हटलं आता लिहायला हरकत नाही. बदलल्यावर दुसऱ्याच दिवशी "एकदम मक्खन चालतोय" असं सांगत सुटणारे बरेच असतात, मी पण त्यातलाच, गेल्या डिसेंबरात चार जणांना सांगून झालं होतं आणि सहा आठवड्यांत तोंडावर पडलो.

घर मालवण तालुक्यात, समुद्र चालत पाच मिनिटांवर. इथे दाराची कडी पण दोन वर्षांत गंजते तर बॉक्सचं काय घेऊन बसलात. बॉक्स बाबांनी डीडी डायरेक्ट प्लससाठी घेतलेला, दूरदर्शनची ती फुकट डिश सेवा २००४ च्या डिसेंबरात सुरू झाली, तिलाच आता फ्री डिश म्हणतात. शिवाय काकाची आठ फुटी जाळीची सी-बँड (जुन्या मोठ्या छत्रीवाली) डिश आहे मागच्या परड्यात, तौक्ते वादळामध्ये २०२१ ला एक बाजू वाकली ती ठोकून सरळ केली, ती पण याच बॉक्सला जोडलेली. नवा बॉक्स हजार-दीड हजारात येतो, मग हा उपद्व्याप कशाला असं बायको विचारते आणि बरोबरच विचारते. पण बाबांना मोतीबिंदूनंतर रिमोट नीट दिसत नाही, याची बटणं त्यांना चाचपून पाठ आहेत. आणि खरं सांगायचं तर मला पण खाज होतीच.

लक्षण असं की सकाळी लावला की लाल दिवा, मग डिस्प्लेवर बूट, परत लाल दिवा, परत बूट, असं वीस मिनिटं चालायचं आणि मग जसं काही झालंच नाही असा चालू व्हायचा. दुपारी बंद करून लावला तर पटकन लागायचा. आतला इलेक्ट्रोलाइट सुकत आला की कंडेन्सर थंड असताना त्याचा ईएसआर, म्हणजे अंतर्गत रोध, जास्त वाढतो आणि तापला की जरा उतरतो, म्हणून हे सकाळचं नाटक. बायकोचा हेअर ड्रायर सप्लायच्या, म्हणजे आत वीज पुरवणाऱ्या भागावर दोन मिनिटं मारला आणि बॉक्स पहिल्या झटक्यात उठला, तेव्हाच निदान झालं. पुढे सी-बँडवरचे हॉरिझॉन्टल चॅनेल पण जायला लागले. एलएनबीला, म्हणजे डिशच्या तोंडाशी सिग्नल पकडणाऱ्या डबीला, बॉक्सने १३ व्होल्ट दिले की ती उभ्या लहरींचे (व्हर्टिकल) चॅनेल देते, १८ दिले की आडव्या लहरींचे (हॉरिझॉन्टल), आणि माझ्याकडे केबल काढून मोजलं तर १८.१ आणि एलएनबी जोडला की १४ च्या आसपास, म्हणजे तो बिचारा समजायचा व्हर्टिकल मागितलंय.

आता डिसेंबरातला गाढवपणा. झाकण उघडलं, ५ व्होल्टच्या लाइनवरचा १००० मायक्रो(फॅरड) १६ व्होल्टचा एक कंडेन्सर डोक्यावर फुगलेला, बाकीचे सपाट. फुगलेला तेवढा काढला, जवळच्या गावातून आठ रुपयांचा, ८५ डिग्रीपर्यंतच तापमान सोसणारा आणून लावला, खूश. साधारण १९९९ ते २००७ या काळातल्या बऱ्याच मालात खराब इलेक्ट्रोलाइटचे कंडेन्सर गेले होते, पाणी जास्त आणि ॲल्युमिनियमला सांभाळणारं द्रव्य कमी, त्यामुळे आत हायड्रोजन होऊन डोकं फुगायचं, म्हणून लोक फक्त फुगलेलेच शोधतात आणि मी पण तेच केलं. सपाट डोक्याचे पण तितकेच मेलेले असतात हे कळायला सहा आठवडे आणि बाबांच्या शिव्या लागल्या.

फेब्रुवारीत मग ईएसआर मोजणारा टेस्टर मागवला, बॉक्समधले अकराच्या अकरा इलेक्ट्रोलाइटवाले कंडेन्सर काढून मोजले. सगळ्यात वाईट निघाला तो ४७ मायक्रो ५० व्होल्टचा बारका, सप्लायच्या आयसीला (चिपला) चालू करणारा, हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पत्र्याला) अगदी चिकटून बसवलेला, दिसायला नवाकोरा, साध्या मल्टिमीटरवर ३९ मायक्रो दाखवतो म्हणजे ठीकच म्हणायचं, आणि ईएसआर १४ ओहम! नवा लावला तो अर्ध्या ओहमच्या आत. त्याच्यामुळेच सकाळची बूट-बूट. २२ व्होल्टच्या लाइनवरचा, ज्याच्यातून एलएनबीचे १८ होतात, तो खालून गळलेला, काढल्याशिवाय दिसलाच नसता. आणि तो डिसेंबरातला आठ रुपयेवाला? दोन महिन्यांत ईएसआर चौपट. त्याच्यावर मी जास्त काही बोलत नाही.

यावेळी भावाला मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात पाठवलं, रुबिकॉन आणि पॅनासॉनिकचे १०५ डिग्रीवाले लो-ईएसआर, सगळे मिळून साडेचारशेच्या आसपास. मोठ्या ब्रँडचे डुप्लिकेट पण भरपूर असतात, म्हणून आल्या आल्या प्रत्येक मोजूनच घेतला. साधारण हिशोब असा की तापमान १० डिग्रीने कमी झालं की आयुष्य दुप्पट, म्हणून १०५ वाला घ्या आणि शक्यतो जास्त तासांच्या आयुष्याचा, पाच-दहा रुपये वाचवून काही बंगला होत नाही. एक चूक मात्र झाली, १६ च्या जागी २५ व्होल्टचे मागवले (चालतात, व्होल्ट जास्त चालतो, कमी नाही) पण ते उंच निघाले आणि झाकण बसेना, दोन आडवे झोपवून लावले, दिसायला गबाळं आहे पण चालतंय.

मोठ्या कंडेन्सरच्या बुडाशी तपकिरी चिकटा दिसला तर लगेच गळला म्हणू नका, माझ्यात तो कारखान्यात लावलेला पिवळा गोंद होता, जुना झाला की तपकिरी होतो आणि दमट हवेत करंट पण वाहून नेतो, ट्रॅक खातो. खरवडून काढला, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसला. आणि त्या ४०० व्होल्टवाल्याला हात लावायच्या आधी बल्बच्या दोन वायरी लावून रिकामा करा, २३० चे आत ३२५ डीसी होतात, स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करायची मर्दुमकी नको. पहिल्यांदा चालू करताना ६० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये, तो झपकन पेटून मंद झाला की जीव भांड्यात.

हात बसला म्हणून मग काकाचा १९९३ चा ॲनालॉग रिसीव्हर काढला माळ्यावरून. काकाची गावात केबल होती, तेव्हा एका चॅनेलला एक रिसीव्हर लागायचा, एकावर एक रचलेले असायचे. याच्या ऑडिओच्या भागातले बारके कंडेन्सर खालून गळून ट्रॅक हिरवे झालेले. पहिल्याच टाक्यावर सोल्डरिंग आयर्न टेकवलं आणि घरभर असला वास सुटला की आई स्वयंपाकघरातून ओरडली, "आज सोमवार ना रे? आणि सुको बांगडो कोण भाजता?" खोटं नाही. त्या काळच्या काही कंडेन्सरमध्ये क्वाटर्नरी अमोनियमचे क्षार असलेला इलेक्ट्रोलाइट असायचा, तो बिघडला, तापला की अमाईन्स सुटतात, आणि मासळीचा वास पण अमाईन्सचाच. म्हणजे आईचं नाक ईएसआर मीटरपेक्षा कमी नाही. हा द्रव पसरला की सोल्डर राखाडी पडतं आणि टाका वितळतच नाही, आधी आयपीए आणि टूथब्रश, मग ताजं सोल्डर भरून परत काढायचं, नाहीतर पॅड (टाक्याखालचा तांब्याचा ठिपका) उचकटून हातात. माझे दोन आले हातात, वायरी जोडाव्या लागल्या.

आणि इथेच एक फोडला पण. बॉक्सच्या सर्किटच्या प्लेटवर कंडेन्सरच्या जागी छापलेल्या गोलाचा रंगवलेला अर्धा भाग म्हणजे मायनस होता, या रिसीव्हरवर तोच भाग प्लस निघाला. मी न बघता सवयीने लावला, फट्ट करून कागदाचा कापूस थेट चष्म्यावर. जुना काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा.

आता नऊ महिन्यांचं. बॉक्स रोज सहा-सात तास चालतो, सकाळी पहिल्या झटक्यात लागतो. एलएनबी जोडून १८ ची लाइन फेब्रुवारीत १७.९ होती, जूनमध्ये तेवढीच, परवा १७.८. जुलैत लाईटचा खेळ चालू होता, दिवसातून दहा वेळा जा-ये, तेव्हा पण काही झालं नाही. ऑगस्टमध्ये एकदा सिग्नल गेला आणि माझ्या पोटात गोळा आला, दोन दिवस परत सप्लाय मोजत बसलो, शेवटी निघालं काय तर डिशकडच्या एफ कनेक्टरमध्ये (केबलच्या टोकाच्या पिनेत) पाणी शिरून हिरवा झालेला. नवा लावून सेल्फ-अमलगमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप गुंडाळली, ती साध्या काळ्या टेपपेक्षा कितीतरी बरी. गडगडलं की मात्र प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवतो, त्याला कुठलाच कंडेन्सर पुरा पडणार नाही. बॉक्सखाली चार बाटल्यांची बुचं ठेवलीत हवा खेळायला, आणि मागच्या फटींना बारीक जाळी, कारण पाली.

तक्रार एवढीच की फ्री डिशवरचे एमपेग-४ वाले (चित्र दाबून पाठवायच्या नव्या पद्धतीचे) चॅनेल यावर कधीच दिसणार नाहीत, त्याला इलाज नाही, बॉक्स एमपेग-२ चा आहे.

काकाचा रिसीव्हर पण चालू झाला. चालू म्हणजे आवाज खरखर आणि पडद्यावर मुंग्या, ॲनालॉग आता लागणार कुठून. गणपतीत काका आलेला, बसून ट्यूनिंगचं बटण फिरवत होता. ९२ च्या २ ऑक्टोबरला झी सुरू झालं तेव्हा काकाकडे केबल नव्हती, पुढच्या वर्षी या रिसीव्हरवर आणलं ते पहिलं चॅनेल. आता म्हणतो माळ्यावरचे उरलेले दोन पण उघड. कंडेन्सर मागवलेत, फक्त ३३ मायक्रो ४०० व्होल्टचा त्या उंचीत बसणारा अजून मिळाला नाही, कोणाकडे असेल तर सांगा.