थंब कंपास: आधी १ स्टार दिला होता, आता ४ करतेय

मे महिन्यात ह्याच कंपासला (दिशा दाखवणारा, होकायंत्र) मी १ स्टार देऊन "सुई वाकडी, पैसे पाण्यात" असं लिहिलं होतं. ते आज काढून नवीन लिहितेय, कारण चूक बरीचशी आमची होती. बरीचशी म्हटलं, सगळी नाही, विकणाऱ्याची पण आहे, ते येईलच.

आधी घेतला कशाला ते सांगते. माझी मुलगी मनू नववीत आहे. माझी बहीण स्वीडनला असते, गोटेबर्गला, आणि त्या देशात दर जुलैत ओ-रिंगन नावाची ओरिएंटियरिंगची मोठी स्पर्धा भरते, १९६५ पासून चालू आहे, पाच टप्पे, आणि दरवर्षी जागा वेगळी. हातात नकाशा आणि कंपास एवढंच, जीपीएस चालत नाही, जंगलात नारिंगी-पांढरे झेंडे टांगलेले असतात ते नंबराप्रमाणे शोधत पळायचं आणि प्रत्येक झेंड्यापाशी बोटातली चिप टेकवून पुढे जायचं. शाळकरी पोरांपासून थेट आजी-आजोबांपर्यंत वयाप्रमाणे गट असतात, बाहेरच्या देशातल्यांनाही नाव देता येतं, निवडबिवड लागत नाही. तर मावशीबाईंनी भाचीचं नाव १४ वर्षांपर्यंतच्या मुलींच्या गटात घातलं आणि मग आम्हाला फोन केला. ह्याच क्रमाने.

इंदुरात हे शिकवणारं आम्हाला कोणी मिळालं नाही. मनूने व्हिडिओ बघितले, ओपन ओरिएंटियरिंग मॅप म्हणून एक फुकटची साइट आहे तिच्यावरून पिपल्यापाला पार्कचा नकाशा छापून आणला, आणि आमचे हे रोज सकाळी झाडांना नारिंगी रिबिनी बांधून यायचे. तिथला वॉचमन एकदा म्हणाला, भिया कोई मन्नत है क्या.

साधा कंपास दप्तरात होता, भूगोलाचा, पण पळताना त्याची सुई थांबतच नाही. थंब कंपास म्हणजे अंगठ्यात घालायचा, इलॅस्टिकचा पट्टा असतो, प्लेटचं टोक नकाशावर आपण जिथे आहोत तिथे ठेवायचं आणि जसं पुढे जाऊ तसा अंगठा सरकवायचा, म्हणजे मान वर करून परत खाली घातली तरी जागा हरवत नाही. सुई भराभर स्थिर होते, खरे पैसे त्याचेच. सहा हजाराच्या वर गेला. आमचे हे म्हणाले एवढ्यात सायकल आली असती, जुनी.

पहिलं पार्सल आलं ते चुकीच्या हाताचं. हे कंपास डाव्या अंगठ्याचे आणि उजव्या अंगठ्याचे असे वेगळे येतात. मनू डावरी आहे, ती चिप डाव्या बोटात घालते आणि नकाशा उजव्या हातात धरते, म्हणून उजव्याचा मागवला होता, आला डाव्याचा. बदलून मिळाला पण नऊ दिवस गेले. आणि दुसरा आला तो बघितला तर सुई तिरकी! लाल टोक वर उचललेलं, पांढरं टोक खाली बुडाला टेकलेलं, हात सपाट ठेवला की खरडत खरडत फिरायची आणि मध्येच अडकायची. कस्टमर केअरला व्हिडिओ पाठवला तर उत्तर काय, "सुई हलत आहे म्हणजे प्रॉडक्ट वर्किंग आहे." तेव्हा मी तो १ स्टार दिला.

हे सगळं आमचे सासरे जेवता जेवता ऐकत होते. ते इरिगेशनमध्ये ओव्हरसियर होते, ३४ वर्षं नोकरी, त्यातली निम्मी उन्हात. काही न बोलता उठले, माळ्यावरची ट्रंक काढायला लावली आणि फलाटीनच्या फडक्यात गुंडाळलेला त्यांचा जुना सर्व्हेचा कंपास बाहेर काढला. त्याच्या सुईवर तांदळाच्या कणीएवढं एक पितळी वेटोळं होतं. ते नखाने जरासं सरकवलं आणि सुई एका बाजूला कलली, परत सरकवलं, परत सरळ. मनूला म्हणाले, "अगं, तुझी सुई बिघडलेली नाहीये, ती युरोपातली आहे."

म्हणजे असं की पृथ्वीचं चुंबकत्व सुईला नुसतं उत्तरेकडे ओढत नाही, खाली पण ओढतं. जेवढं ध्रुवाच्या जवळ तेवढं जास्त खाली. भारताच्या दक्षिण टोकाजवळ सुई जवळपास आडवी राहते, इंदुरात हा कल तीस-पस्तीस अंशांचा, आणि दक्षिण स्वीडनमध्ये सत्तरच्या आसपास. तिथे लाल टोक खाली जाऊन घासू नये म्हणून बनवणारे पांढऱ्या टोकाला आधीच वजन देऊन ठेवतात. आता तीच सुई इंदुरात आणली की खालची ओढ कमी पडते आणि वजन जिंकतं, पांढरं टोक खाली बसतं. सर्व्हेच्या कंपासात वेटोळं सरकवून जमवता येतं, हा थंब कंपास सीलबंद, आत तेल भरलेलं, तिथे आपला इलाज नाही. उलटा करून बघितला तर मागे इतक्या बारीक अक्षरात "एमएन" लिहिलेलं की माझ्या चष्म्याने पण दिसलं नाही, मनूने वाचलं. एमएन म्हणजे पृथ्वीचा उत्तरेचा पट्टा, सुई तिथल्यासाठी बनवलेली. एमई विषुववृत्ताकडचा, एमएस दक्षिणेचा. आणि एक ग्लोबल सुईचा प्रकार असतो तो कुठेही चालतो, पण महाग.

मग आजोबांची गाडी सुटली ती अलिबागला जाऊन थांबली. मुंबईत कुलाब्याला चुंबकत्व मोजायची वेधशाळा होती, शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर मोजमापं बिघडतील म्हणून १९०४ साली ते काम अलिबागला नेलं. ही गोष्ट आम्ही सगळ्यांनी निदान दहा वेळा ऐकली आहे, पण ह्या वेळी पहिल्यांदा मनूने प्रश्न विचारले, तर त्यांचं वरणभात गार झालं तरी चालू होतं.

आता माझी तक्रार. विकणाऱ्याच्या पानावर रंग लिहिला होता, वजन लिहिलं होतं, "बेस्ट फॉर ट्रेकिंग" लिहिलं होतं, सुई कुठल्या पट्ट्याची ते एका शब्दाने नव्हतं. भारतात विकताय ना, मग इथे सुई तिरकी बसेल हे सांगायला काय जातं? स्वीडनला न जाणारा कोणी घेईल तर तो बिचारा माझ्यासारखाच शिव्या देईल. एक स्टार कापलाय तो ह्याचा.

दीड महिना मनूने इंदुरात तो कंपास उत्तरेची कड जराशी वर उचलून वापरला. तशी धरली की सुई सुटते. ती सवय मोडायला लागेल म्हणून मला धास्ती होती.

स्वीडनला पोचल्यावर मावशीच्या गॅलरीत बॅग उघडल्या उघडल्या आधी कंपास काढला. सुई सपाट. अगदी पाण्यावरच्या पानासारखी. मनूने लगेच आजोबांना व्हिडिओ कॉल लावला, इकडे रात्रीचे साडेअकरा, ते जागेच होते, म्हणाले, "कॅमेरा स्थिर धर," आणि मग बराच वेळ नुसते बघत राहिले.

आत एक छोटा बुडबुडा मात्र आला होता, विमानामुळे. मोहरीएवढा असेल तर काही होत नाही, सुईला अडला तर बदलायचा, असं तिथल्या एका काकूंनी सांगितलं, त्या स्वतः सत्तरीच्या गटात पळत होत्या. दोन दिवसांत तो गेला पण.

जंगल म्हणाल तर आपल्या चोरल-पातालपाणीसारखं नाही. खाली शेवाळाचा गालिचा, मध्ये घराएवढे दगड, दलदल, आणि ब्लूबेरीची झुडपं, बूट निळे होऊन येतात. नकाशात पांढरं म्हणजे पळता येईल असं जंगल, हिरवं जेवढं गडद तेवढी दाट झाडी, पिवळं म्हणजे मोकळं. आपल्या डोक्यात हिरवं म्हणजे छान, तिथे हिरवं दिसलं की लांबून जायचं. नकाशावरच्या रेघा चुंबकीय उत्तरेलाच धरून काढलेल्या असतात, त्यामुळे सुई रेघेला लावली की झालं, आकडेमोड नाही.

निकालाचं विचारू नका, विचारणारच आहात म्हणून सांगते. पाचपैकी चार टप्पे पूर्ण केले, चारही वेळा यादीत खाली. दुसऱ्या टप्प्याला बाद, कारण झेंडा सापडल्याच्या आनंदात त्यावरचा नंबर न बघता चिप टेकवली आणि तो शेजारच्या दुसऱ्या गटाचा झेंडा होता. ह्यात कंपासची काही चूक नाही, कंपासने तिला बरोबर दिशेला नेलं होतं, घाई तिची. रडली थोडी. मग मावशीने इंदूरहून आणलेली लसणाची शेव काढली, आणि शेजारच्या तंबूतल्या दोन मुली येऊन बसल्या, त्यातल्या एकीने शेव खाऊन तीन ग्लास पाणी प्यायलं.

घेणार असाल तर हात कुठला ते ऑर्डर करताना दोनदा बघा, सुई कुठल्या पट्ट्याची ते विचारून लेखी घ्या, आणि कंपास मोबाइलच्या चुंबकवाल्या कव्हरजवळ अजिबात ठेवू नका, सुईचं लाल टोक दक्षिण दाखवायला लागू शकतं. इलॅस्टिकचा पट्टा पाच दिवसांत थोडा सैल पडलाय, त्याला टाका घालावा लागेल, बाकी प्लेटवर ओरखडे सोडले तर माल चांगला आहे.

परत आल्यापासून सुई पुन्हा तिरकी बसलीय. मनू सकाळी पिपल्यापालाला तो तिरका धरून पळते, आणि आजोबा आता बाकावर बसायला बरोबर जातात, त्यांचा पितळी कंपास मांडीवर घेऊन.