बंबाला सोलरची जोड : सगळे ऋतू पाहिल्यावर

सोलर वॉटर हीटर बसवला की लोक पहिलं काम करतात ते जुना बंब मोडीत घालायचं. आम्ही तो ठेवला आणि सोलरचं पाणी थेट बंबात सोडता येईल अशी सोय करून घेतली. गेल्या अक्षय्य तृतीयेच्या सुमारास हे काम झालं, आता होळी होऊन गेली आहे. नागपूरचे सगळे ऋतू त्या गच्चीवरून गेले. नुसता सोलर घेतला असता तर पावसाळ्यात त्याच्या नावाने बोटं मोडली असती. नुसता बंब ठेवला असता तर डिसेंबरात रोज पहाटे लाकडं फोडावी लागली असती. दोघांची जोडी मात्र जमली आहे, आणि ती कशी जमली तेच सविस्तर लिहितो, कारण विकणारा हे सांगत नाही.

घर मानेवाड्याच्या बाजूला, वर एक मजला, माणसं सहा. बंब तांब्याचा, सुमारे ४० लिटरचा, सांदवाडीत शेडखाली. आईच्या माहेरी शेती असल्यामुळे पऱ्हाट्या आणि तुराट्या गाडीभर येतात, त्या पेटवणाला. बाकी टालावरच्या ढलप्या, नारळाच्या करवंट्या, कोणाकडे बांधकाम झालं की सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे. त्यामुळे आमचं जळण स्वस्त होतं, हे आधीच कबूल. कटाळा होता तो धुराचा, आणि पहाटे उठून जाळ करायचा.

सोलर घेतला १५० लिटरचा, काचेच्या नळ्यांचा, ज्याला दुकानदार ईटीसी म्हणतात. ५८ मिलिमीटर जाडीच्या, १८०० मिलिमीटर लांबीच्या १५ नळ्या. दुसरा प्रकार एफपीसी, म्हणजे काचेखाली तांब्याचा पत्रा आणि तांब्याच्या बारीक नळ्या असलेली सपाट पेटी. टिकाऊपणात पेटी सरस, यात वाद नाही. पण तिच्या बारीक नळ्यांत खाऱ्या पाण्याचे थर बसले की रस्ताच बंद होतो, आणि आमच्या लेआउटमध्ये उन्हाळ्यात बोअरिंगशिवाय भागत नाही. काचेची नळी रुंद असते, थर बसला तरी पाणी फिरत राहतं. शिवाय किमतीतही फरक होता. म्हणून काच.

नळी हातात घेऊन बघितली तर गंमत कळते. ती दुहेरी असते, थर्मासच्या आतल्या भांड्यासारखी. दोन काचांच्या मधली हवा काढून घेतलेली. खालच्या टोकाला आतून चंदेरी मुलामा दिसतो. तो चंदेरी आहे तोवर नळी धडधाकट. तो दुधासारखा पांढरा झाला की समजायचं, आत हवा शिरली, नळी आता नुसती काच आहे. बसवणारा नळ्या खोक्यातून काढत असतानाच मी एकेक टोक बघून घेतलं आणि एक पांढरी नळी परत दिली. त्याला ते आवडलं नाही, पण बदलून दिली.

बसवताना दोन गोष्टींवर अडून बसावं लागलं. पहिली जागेची. नागपूर साधारण २१ अक्षांशावर. २२ डिसेंबरला भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवरच असतो, म्हणजे कोणत्याही भिंतीची सावली तिच्या उंचीएवढी लांब पडते, आणि सकाळी तर कितीतरी लांब. बसवणारा जिन्याच्या खोलीच्या उत्तरेला स्टँड लावायला निघाला होता, कारण तिथून पाइप कमी लागत होता. गरम पाणी हवं हिवाळ्यात आणि नेमक्या हिवाळ्यात नळ्या सावलीत! स्टँड दक्षिणेकडच्या कठड्याजवळ घ्यायला लावला, तोंड दक्षिणेला. पाइपाचे दोन हजार जास्त गेले, ते वसूल झाले.

दुसरी गोष्ट बंबाच्या जोडणीची. प्लंबरचं म्हणणं, "भाऊ, बंबाची कटकट कायले ठेवता? टाकीतच कॉइल टाकून देतो ना, बटन दाबलं की झालं." कॉइल मला नको होती, आणि कारण साधं आहे. टाकीतली कॉइल अख्खं १५० लिटर पाणी तापवते, तुम्हाला दोन बादल्या हव्या असल्या तरी. १५० लिटर पाणी ३५ अंशांनी चढवायला सव्वापाच हजार किलोकॅलरी लागतात, म्हणजे विजेचे सहा युनिट. आणि बटण चालूच राहिलं तर रात्रीच वीज पाणी तापवून ठेवते, सकाळी सूर्याला काम उरत नाही. बंबात हवं तेवढंच पाणी तापतं.

मग प्लंबरने सरळ बंबाला पाइप जोडून नळ बसवायचं ठरवलं. तेही थांबवलं. बंब हे उघडं भांडं आहे. त्याला दोन्हीकडून बंद करून खाली जाळ केला तर वाफेला जायला वाट राहत नाही. हे कोणीही, कितीही अनुभवी प्लंबरने सांगितलं तरी करू नये. आमच्याकडे गरम पाण्याच्या लाइनला सांदवाडीत एक वेगळा व्हॉल्व्ह आहे आणि पाइपाचं तोंड बंबाच्या तोंडाच्या चार बोटं वर मोकळं सोडलंय. व्हॉल्व्ह उघडला की पाणी वरून पडतं, बस. पाइप सीपीव्हीसीचा, कारण साधा पीव्हीसी या पाण्याने मऊ पडून वाकतो.

आता खरी परीक्षा, पावसाळा. झड लागली की तीन-चार दिवस ऊन दिसत नाही. विकणाऱ्याचं "ढगातही गरम होतं" हे वाक्य अर्धं खरं आहे. होतं, पण किती? आषाढ-श्रावणातल्या अशा दिवसांत माझ्या थर्मामीटरवर सकाळचं पाणी ३० ते ३५ अंशांच्या मध्ये यायचं. अंगावर घेतलं तर गार नाही, पण अंघोळीचं म्हणावं असंही नाही. एकट्या सोलरवाल्या घरात अशा वेळी गॅसवर पातेलं चढतं. आमच्याकडे ते कोमट पाणी बंबात जातं. गारठ्याच्या दिवशी १६ अंशांचं पाणी ५५ पर्यंत न्यायचं तर ४० लिटरला सुमारे १५६० किलोकॅलरी लागतात. तेच पाणी ४० अंशांवर आयतं मिळालं तर ६०० पुरतात, म्हणजे जळण निम्म्याहूनही कमी. पावसाळ्यात टाकीतलं पाणी मुळातच फार गार नसल्यामुळे बचत इतकी मोठी नसते, पण वेळ वाचतो. पोळ्याच्या आसपास ओल्या ढलप्या धुमसत होत्या, तेव्हा मूठभर करवंट्यांवर काम भागलं. आईचं त्या दिवसापासून सोलरबद्दलचं मत बदललं. त्याआधी "त्या काचांचं काही खरं नाही" हे रोजचं होतं.

एक सांगायचं राहिलं: बंबात पाणी भरल्याशिवाय जाळ करायचा नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण आधीच तापलेलं पाणी भरलंय हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. सवयीने नेहमीएवढी लाकडं सारली की पाणी बघता बघता खदखदतं आणि तोटीतून वाफेचा फवारा येतो. मुलांना तोटीपासून लांब ठेवा.

हिवाळा मात्र निखळ सोलरचा. इकडे विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या सुमारास थंडी पडते, आणि आकाश धुतल्यासारखं निरभ्र असतं. २०१८ च्या २९ डिसेंबरला नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. तेवढी थंडी यंदा नव्हती, पण पहाटे हात बधिर होईल इतकी होती. दिवसा नळ्यांना ऊन मिळालं की संध्याकाळी पाणी ६० च्या वर जातं. रात्रभरात टाकीच्या आवरणातून काही अंश गळतात, पहाटे ५० च्या आसपास मिळतं. गार पाणी मिसळून २० लिटरची अंघोळीची बादली करायला १४ लिटर गरम पाणी लागतं. सहा माणसांना पुरून भांड्यांना उरतं. अट एकच, रात्री कोणी ढसाढसा गरम पाणी वापरायचं नाही. जेवढं पाणी काढाल तेवढं गार पाणी खालून टाकीत शिरतं, आणि रात्री ते तापवायला सूर्य नाही. आमच्याकडे संध्याकाळी ऑफिसातून येऊन अंघोळ करणारा मीच, त्यामुळे सकाळी शेवटची बादली कोमट आली की बोलणी मला बसतात.

दिवाळीत अभ्यंगस्नानाला सगळे एकामागून एक, त्यात बहीण सहकुटुंब आलेली. तेव्हा बंब पहिल्यापासूनच पेटवला, आत सोलरचं पाणी. उटणं धुवायला पाणी कमी पडलं नाही.

पाइपातलं गार पाणी ही सगळ्यांची तक्रार असते, आमचीही आहे. पाऊण इंची पाइपात दर मीटरला पाव लिटरहून थोडं जास्त पाणी उभं असतं. गच्चीवरून तळमजल्याच्या मोरीपर्यंत आमचा पाइप १५ मीटरच्या आसपास भरतो, म्हणजे चारेक लिटर गार पाणी आधी बाहेर पडणार. ते बादलीत धरून झाडांना घालतो. पाइपाला काळा फोम गुंडाळला होता. नागपूरच्या उन्हात तो एका उन्हाळ्यात भुगा होतो. वरून ॲल्युमिनियमची चिकटपट्टी मारली की टिकतो.

उन्हाळ्याबद्दल काय बोलायचं! मे महिन्यात इथे गार पाण्याच्या टाकीतलंच पाणी अंगाला चटके देतं, रात्री पिंप भरून ठेवलं तर सकाळी अंघोळीजोगं होतं. सोलरमधलं पाणी तर ८० च्या पुढे जातं आणि त्याचं करायचं काय हा प्रश्न पडतो. मी नळ्यांवर कूलरसाठी आणलेली हिरवी जाळी दुहेरी करून टाकतो. तीन-चार नळ्या उघड्या ठेवल्या की भांड्यांपुरतं पाणी मिळतं. भर दुपारी टाकी रिकामी झाली असेल तर तेव्हा गार पाणी सोडू नका. तापलेल्या कोरड्या नळीत गार पाणी गेलं की ती तडकते. भरायचं ते सूर्य उगवायच्या आधी किंवा मावळल्यावर.

वानरं. हा नागपूरचा खास विषय. आमच्याकडे ती रोज येत नाहीत, पण एकदा टोळी आली आणि स्टँडवरून उड्या मारताना एक नळी गेली. सकाळी मोरीत गरम पाणी नाही, गार नाही, आणि गच्चीवर तळं. नळी फुटली की त्या भोकातून सोलरची टाकी रिकामी होते, आणि तिला गार पाणी पुरवणारी मोठी टाकीही तिच्यामागोमाग रिकामी होत जाते. त्यामुळे गार पाण्याच्या लाइनवरचा व्हॉल्व्ह कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येकाला, मुलांनाही, दाखवून ठेवा. कंपनीच्या माणसाला फोन केला तर "उद्या येतो" हे उद्या आठवडाभर चाललं. त्या आठवड्यात घर चाललं बंबावर. शेवटी शेजारच्या इलेक्ट्रिशियनने रबरी रिंगला साबणाचं पाणी लावून नळी फिरवत फिरवत बसवली, काही मिनिटांचं काम. आता वर लोखंडी जाळी आहे, नळ्यांपासून वीतभर उंच, मोठ्या चौकटीची, म्हणजे सावली फार पडत नाही.

पाण्याच्या खारेपणाबद्दल. बोअरिंगची टाकी आणि नळाच्या पाण्याची टाकी आमच्याकडे वेगळ्या आहेत. सोलरला शक्यतो नळाचीच. बंबाच्या आतल्या नळकांड्यावर जो पांढरा खरखरीत थर धरतो, तोच नळ्यांच्या तळाशी धरतो, फक्त दिसत नाही. दिवाळीआधी बंब चिंचेने घासला तेव्हा सोलरचा निचराही सोडला, पांढरा गाळ निघाला. स्टीलच्या टाकीत ॲसिड ओतून साफ करणारे फिरतात, त्यांना दारातूनच परत पाठवा, त्याने टाकीच सडते. टाकीत मॅग्नेशियमचा दांडा असतो, तो स्वतः झिजून टाकी वाचवतो. तो आहे का हे आम्ही विचारलं तेव्हा विक्रेत्याने आधी "लागत नाही" म्हटलं, मग कॅटलॉग उघडल्यावर लागला.

अनुदानाबद्दल मला दोघा-तिघांनी विचारलं. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये मिळतात, ते विजेच्या पॅनेलला. पाणी तापवणाऱ्या सोलरला त्यातलं काही मिळत नाही. त्याचं केंद्राचं अनुदान २०१४ मध्येच बंद झालं. आमचा खर्च प्लंबिंग आणि जाळीसकट तीस हजारांच्या थोडा वर गेला, सगळा खिशातून.

ज्यांच्याकडे बंब नाही त्यांनी फक्त जोडीसाठी नवा बंब घ्यावा असं मी म्हणणार नाही. फ्लॅटमध्ये धुराचं काय करणार? तिथे छोटा गिझर बाथरूममध्ये ठेवून सोलरचं पाणी त्यात सोडणं बरं, फक्त तो गरम पाणी आत घेण्याजोगा आहे का ते विकत घेतानाच विचारा. ज्यांचं स्वतंत्र घर आहे आणि इतवारीतून आणलेला आजोबांच्या वेळचा बंब माळ्यावर पडून आहे, त्यांनी तो खाली काढून आधी पाणी भरून रात्रभर ठेवावा, गळतो का बघावा. आणि सोलरचं बिल करताना दोन जादा नळ्या व चार रबरी रिंगा त्याच बिलात लिहून घ्याव्यात, नंतर सुट्या मिळायला फार हेलपाटे पडतात.