मागच्या चाकाचं बेअरिंग: गाडीवरच ओढायचं की उद्यमनगरात प्रेसवर न्यायचं?

कोल्हापुरात बेअरिंग दाबून द्यायला माणूस शोधावा लागत नाही. शिवाजी उद्यमनगरात शिरलं की चार पावलांवर हायड्रॉलिक प्रेस आणि तिच्या शेजारी लेथ. त्यामुळे जुन्या स्पोर्ट्स कारचं मागचं चाक घुमायला लागलं की पहिला सल्ला ठरलेला: "नकल खोलून आणा, लगेच दाबून देतो." (नकल म्हणजे नक्कल नव्हे, चाकामागचा तो भाग, ज्याच्या घरात बेअरिंग घट्ट बसतं.) दाबणं खरंच पटकन होतं. वेळ जातो तो नकल खोलण्यात, आणि ते किती अवघड हे गाडीगणिक बदलतं.

आधी बेअरिंगच गेलंय ना, हे बघा. टायर उंचसखल झिजला तरी तसाच घूं-घूं आवाज येतो. पन्हाळ्याच्या रस्त्याला लांब वळणं आहेत, तिथे कान द्या. उजव्या वळणावर गाडीचा भार डावीकडे जातो. तेव्हा आवाज वाढला आणि डाव्या वळणावर कमी झाला, तर संशय डाव्या बेअरिंगवर. मग चाक उचलून एक हात स्प्रिंगवर ठेवा, दुसऱ्या हाताने चाक फिरवा. गेलेल्या बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना कळते. टायर झिजलेला असेल तर काहीच जाणवत नाही.

आता दोन मार्ग. पहिला, नकल गाडीवरच ठेवून स्क्रू-पुलरने जुनं बेअरिंग ओढून काढायचं आणि त्याच पुलरने नवं आत घ्यायचं. दुसरा, नकल उतरवून प्रेसवर न्यायची.

माझदा एमएक्स-5ची पहिली पिढी (1989 ते 1997) असेल तर मी डोळे झाकून प्रेस म्हणेन. नकल मोजक्या बोल्टांवर असते, आणि चाकाचा कोन ठरवणारे बोल्ट खालच्या आर्मच्या आतल्या टोकाला असल्याने नकल काढली तरी अलाइनमेंट हलत नाही. त्रास देतो तो खालचा लांब बोल्ट. बुशमध्ये गंजून बसलेला असला तर अर्धा दिवस खातो. आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

बीएमडब्ल्यू झेड-3 (1995 ते 2002) याच्या अगदी उलट. तिथे बेअरिंग थेट ट्रेलिंग आर्ममध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या मोठ्या दांड्यात, बसलेलं असतं, म्हणजे प्रेसवर न्यायचं तर अख्खा आर्म उतरवायचा: ब्रेक पाइप, हँडब्रेकची केबल, बुश, सगळंच. एवढा पसारा कशाला? सर्कलिप (बेअरिंग अडवून ठेवणारी स्प्रिंगची कडी) काढा आणि गाडीवरच पुलर लावा.

खरी घालमेल पोर्शे बॉक्स्टर 986ची (1996 ते 2004). नकल निघते, पण बॉल जॉइंट, टो लिंक, शॉकॲब्सॉर्बरचा क्लॅम्प, कॅलिपर एवढं सोडवून, आणि नंतर चारही चाकांची अलाइनमेंट तपासावी लागते. शिवाय नकल ॲल्युमिनियमची. प्रेसवाल्याने ती लोखंडाची समजून आडवी-तिडवी टेकवली, तर बेअरिंगचं घर कुरतडलं जातं आणि नवं बेअरिंगही त्यात घट्ट बसत नाही. म्हणून चांगला पुलर मिळत असेल तर इथे मी गाडीवरच काम करेन. बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचं, नकल हीट गनने हाताला चांगला चटका बसेल इतकी तापवायची. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे बेअरिंग बरंच सहज आत जातं. गॅसची ज्योत मात्र जवळही आणू नका.

पुलर म्हणजे महागडा परदेशी संच असाच अर्थ नाही, आणि कोल्हापूरकराचा फायदा नेमका इथे आहे. जुनं बेअरिंग आणि गाडीचं माप घेऊन टर्नरकडे जा. एक वाटी बेअरिंगच्या बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित लहान, म्हणजे ती फक्त आऊटर रेसवर, बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर, टेकेल. दुसरी, पलीकडून नकलीवर टेकणारी, आतून इतकी मोठी की जुनं बेअरिंग तिच्यात मावेल. वाट्यांना ईएन-8 पोलाद पुरे, मधल्या स्क्रूला जास्त मजबूत ईएन-24 घ्या आणि नटाखाली थ्रस्ट बेअरिंग टाका, नाहीतर आटे चावून जातात. टर्नरला एकच गोष्ट बजावून सांगा: वाटीची तोंडं काटकोनात फेस झाली पाहिजेत. केसभर तिरकं असलं तरी बेअरिंग वाकडं शिरतं.

कुठलाही मार्ग घ्या, एक नियम सारखाच. बेअरिंग घरात दाबताना जोर आऊटर रेसवर. हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) बेअरिंगमध्ये दाबताना इनर रेसला, म्हणजे आतल्या कड्याला, मागून आधार. जोर गोळ्यांमधून गेला की रेसवर खळ्या पडतात आणि कोरं बेअरिंग थोड्याच दिवसांत घुमू लागतं. मग दोष बेअरिंग कंपनीला. प्रेसच्या गाळ्यात उभं राहून हे स्वतः बघा. समोरचा मिस्त्री कितीही मुरलेला असो, राग येऊ दे. आणि घण उचलणाऱ्याला हात जोडून गाडी परत आणा.

हब निघताना जुनी इनर रेस बहुतेक वेळा त्यालाच चिकटून येते. तिथे मात्र उद्यमनगरच बरं. स्प्लिटर (रेसच्या मागून धरणारी दुभंगी पकड) लावून प्रेसवर ती सरळ निघते, घरी ग्राइंडर चालवून हबला चर पाडण्याची जोखीम नको.

बेअरिंग घेताना नुसत्या मापावर जाऊ नका. तेवढ्याच मापाचं कारखान्याच्या मोटारीचं बेअरिंग मिळेलही, पण त्याचं सील आणि आतली फट चाकासाठी नसते. रेसवरचा पूर्ण नंबर जुळवा. एसकेएफ घेतलंत तर खरं-खोटं तपासायला कंपनीचं ॲप आहे.

ॲक्सलचा नट दरवेळी नवा. बॉक्स्टरला तो 460 न्यूटन-मीटरला आवळायचा असतो, म्हणजे एक मीटरच्या पाइपाच्या टोकाला 47 किलो. साध्या अर्ध्या इंची टॉर्क रेंचचं हे काम नव्हे. हायवेकडच्या ट्रकच्या गॅरेजात पाऊण इंची रेंच मागा. नट पूर्ण आवळल्याशिवाय गाडी चाकावर उतरवून ढकलू नका, नवं बेअरिंग तिथेच खराब होतं.

दोन्ही बाजूंची बदलायची का? माझ्या मते, नाही. घुमतंय तेवढंच बदला. अपवाद एकच: गाडी 2019 किंवा 2021च्या पुरात उभी होती असं कळलं, तर पाणी दोन्हीकडच्या ग्रीसमध्ये गेलेलं असणार, तेव्हा जोडीच घ्या.