अर्थिंग नसलेल्या जुन्या वायरिंगवर दिवा: धातूची फिटिंग की डबल इन्सुलेटेड?

छतातला जुना होल्डर उतरवला की हातात दोनच वायरी येतात, फेज आणि न्यूट्रल. नव्या फिटिंगला मात्र बहुतेकदा हिरवी-पिवळी तिसरी वायर असते, ती अर्थची, म्हणजे बिघाडातला करंट जमिनीकडे नेणारी. ती कुठे जोडायची, हा प्रश्न शिडीवर चढल्यावर पडू नये. दिवा निवडतानाच तो सुटलेला असावा.

त्यासाठी फिटिंगची मागची बाजू बघा. चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ती डबल इन्सुलेटेड, म्हणजे क्लास 2. आत एक इन्सुलेशन गेलं तरी करंट बाहेरच्या अंगापर्यंत येऊ नये अशी तिची रचना असते. तिला अर्थ लागत नाही. अर्थचा स्क्रू किंवा टर्मिनल दिसला तर ती क्लास 1, आणि तिला अर्थ हवाच. नुसत्या दिसण्यावर जाऊ नका. प्लॅस्टिकच्या घुमटाखाली पत्र्याची बैठक असू शकते, आणि काही धातूच्या फिटिंगही क्लास 2 असतात.

दोन वायरींवर धातूची क्लास 1 फिटिंग लावली तरी दिवा झकास लागतो. फसगत होते ती इथेच. आत फेजची वायर सुटून अंगाला टेकली तर काहीच घडत नाही. करंटला परतीची वाट नसल्यामुळे एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) पडत नाही, दिवाही लागतच राहतो. पुढे कधीतरी बल्ब बदलताना कोणी कडं धरतो, तेव्हा तोच माणूस अर्थची वायर होतो.

‘मग 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवू,’ म्हणजे करंटची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच, असं बरेच जण म्हणतात. जरूर बसवा, तिला चालायला अर्थ लागत नाही. पण अर्थ असेल तर ती बिघाड होताच पडते, आणि नसेल तर बहुधा कोणाला झटका बसल्यावर. जीव वाचण्याची शक्यता बरीच वाढते, झटका मात्र टळत नाही. म्हणून मी तिला अर्थचा पर्याय मानत नाही.

एलईडीच्या धातूच्या फिटिंगची आणखी एक खोड आहे. ड्रायव्हरमधला (एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटमधला) फिल्टर कपॅसिटर बऱ्याचदा अंगाला जोडलेला असतो. अर्थ नसला की 230 व्होल्टच्या पुरवठ्यावर अंगावर साधारण निम्मा व्होल्टेज तरंगत राहतो. हाताला मुंग्या येतात, टेस्टर मंद पेटतो. करंट किरकोळ असतो, पण खरा बिघाड झाला तरी टेस्टर पेटणारच. रोज पेटणाऱ्या टेस्टरकडे मग कोण लक्ष देणार?

तेव्हा झुंबर धातूचंच हवं असेल तर मेन बोर्डापासून अर्थची वायर ओढून घ्या. पाइपात जागा असेल तर स्प्रिंग घालून काम होतं; पट्टी वायरिंगला ती वरून न्यावी लागते. त्या सर्किटवरचे धातूचे स्विचबोर्डही त्याच वेळी अर्थला जोडून घेता येतात. वायरमनने न्यूट्रललाच अर्थ जोडून दिला तर तिथेच थांबवा. न्यूट्रल कुठे तुटला की दिव्यातून आलेला फेज थेट अंगावर येतो. नळाच्या पाइपाला जोडणंही नको. मध्ये प्लॅस्टिकचा एक तुकडा असला की तो अर्थ नावापुरता उरतो.

तोडफोड नको असेल तर क्लास 2 घ्या, बिनदिक्कत. निवड थोडी कमी मिळते, एवढंच. छतात अर्थची वायर आधीच असेल तर ती या फिटिंगला जोडायची नाही, पण कापायचीही नाही. कनेक्टरमध्ये बंद करून ठेवा, पुढच्या दिव्याला कामी येईल.

काम सुरू करण्याआधी मेन बंद करा, नुसता दिव्याचा स्विच नव्हे. जुन्या घरांत कधी कधी तो न्यूट्रलवर असतो आणि होल्डर जिवंतच राहतो. मग वायरीचं टोक हलकेच वाकवून बघा. रबर भुग्यासारखं गळून पडलं, तर दोन्ही फिटिंग खोक्यातच राहू द्या आणि आधी वायरिंग बदला.