सकाळचा गोड घास: मफिन, आप्पे, धोंडस की दालचिनी रोल?

आमच्याकडे सकाळी सहा ते सात हा एकच तास हाताशी असतो. त्यात दोन डबे, चहा, आईला द्यायचं दूध आणि धाकटीची वेणी. या तासात आणखी एक काहीतरी छोटं, गोड, हातात धरून खाता येईल असं बसवायचं ठरवलं, तेव्हा मी पदार्थ निवडले ते चव बघून. तिथेच चुकलो. चव सगळ्यांचीच चांगली असते हो. बघायचं ते इतकंच की पदार्थ तुमचा वेळ कधी मागतो. आदल्या रात्री की सकाळी? आणि सकाळी मागत असेल तर गॅससमोर उभं करून, की ओव्हनचं दार लावून तुम्हाला मोकळं सोडून?

गेली दोन-तीन वर्षं मी चार गोष्टी आलटून-पालटून करतोय: कणकेचे केळं घातलेले छोटे मफिन, गोड आप्पे, छोट्या वाट्यांतलं धोंडस (काकडी आणि तांदळाच्या रव्याचा कोकणातला भाजलेला गोड पदार्थ) आणि दालचिनीचे रोल. नानकटाईही यादीत होती, पण ती लवकरच बाद झाली.

मफिन विरुद्ध आप्पे

खरी चुरस या दोघांत आहे, कारण दोन्ही रोजच्या सकाळी जमण्यासारखे आहेत.

आप्प्यांना ओव्हन लागत नाही, हा त्यांचा सगळ्यात मोठा गुण. वाटीभर बारीक रवा, पाऊण वाटी चिरलेला गूळ, एक पिकलेलं केळं, मूठभर ओलं खोबरं, वेलची, चिमूट मीठ. रवा रात्री दुधात भिजवून फ्रीजमध्ये ठेवला की सकाळी तो फुगून घट्ट झालेला असतो, तेव्हा थोडं दूध घालून सैल करायचा. गूळ आणि चिमूटभर सोडा सकाळीच घालायचा. सोडा रात्री घातला तर सकाळपर्यंत त्याचा जोर उतरतो आणि आप्पे गोट्यांसारखे होतात. पात्र शक्यतो बिडाचं घ्या. नॉनस्टिकला कमी तूप लागतं हे खरं, पण बिडाच्या खळग्यात तुपावर जी तांबूस साल धरते ती नॉनस्टिकला येत नाही.

आता हिशेब बघा. सात खळग्यांचं पात्र, वाटीभर रव्याचे साधारण एकवीस आप्पे, म्हणजे तीन खेपा. एकेक खेप झाकण घालून तीन-चार मिनिटं, मग उलटून दोन मिनिटं. वीस मिनिटं तुम्ही तिथून हलू शकत नाही. एका खेपेच्या वेळी वेणी घालायला गेलो होतो, परत येईपर्यंत खालची बाजू काळी. मी आप्पे उलटायला विणायची सुई वापरतो, हे बघून शेजारच्या काकू हसल्या होत्या. डेन्मार्कमध्ये अशाच खळग्यांच्या तव्यावर नाताळात एब्लेस्किवर नावाचे गोड गोळे करतात आणि तेही विणायच्या सुईनेच फिरवायची रीत आहे, हे त्यांना सांगितल्यावर त्यांनी सुई मागून नेली. अजून परत आलेली नाही.

मफिनचं उलट आहे. 150 ग्रॅम कणीक, साल काळी पडायला आलेली दोन केळी, 80 ग्रॅम गुळाची पावडर, 80 ग्रॅम दही, 50 मिली तेल, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, चिमूट मीठ. अंडं नाही, कारण आई खात नाही आणि दोन वेगळी मिश्रणं करण्याइतका मी उत्साही नाही. यात चोवीस छोटे मफिन होतात. ओव्हन लावायचा 180 अंशांवर, तो तापेपर्यंत मिश्रण तयार होतं, साच्यात घातलं की 11 ते 13 मिनिटं. तेवढ्या वेळात तुम्ही डबे भरा, वेणी घाला, काहीही करा.

कणकेबद्दल दोन गोष्टी. गिरणीतून दळून आणलेली कणीक मैद्यापेक्षा बरंच जास्त पाणी पिते, त्यामुळे मैद्याच्या कृतीत नुसती कणीक बदलून घातली तर मफिन कोरडे होतात. दही किंवा दूध दोन-तीन चमचे वाढवा आणि मिश्रण दहा मिनिटं तसंच राहू द्या, कोंडा भिजतो. दहा मिनिटं चालतात, रात्रभर नाही, कारण सोडा आणि दही भेटल्याबरोबर कामाला लागतात. दुसरं, ढवळताना हात आवरा. आपल्याला पोळीची कणीक मळायची सवय, त्यामुळे "नीट एकजीव करू या" म्हणून आपण घोटत बसतो. घोटलं की गव्हाचा चिवटपणा जागा होतो. मग मफिन रबरासारखे लागतात आणि फोडल्यावर आत उंच बोगदे दिसतात. पाच-सहा कोरड्या गुठळ्या दिसत असतानाच थांबायचं.

खायला कोण सरस? गरमगरम ताटात आप्पे जिंकतात, त्यात वादच नाही. तुपाची कड आणि आत मऊ खोबरं, हे मफिनला कुठून येणार! पण दहाच्या सुट्टीत डबा उघडतो तेव्हा गार आप्पे घट्ट झालेले असतात. तेलातले मफिन मात्र तसेच मऊ. लोणी घालून केलेत तर तेही गार झाल्यावर आवळून येतात, म्हणून माझ्या कृतीत तेल आहे. शिवाय मफिन फ्रीझरमध्ये राहतात. रविवारी दुपारी चोवीस करून, पूर्ण गार करून, डब्यात भरून ठेवायचे आणि शाळेच्या दिवशी सकाळी तीन काढून थेट डब्यात टाकायचे. सुट्टीपर्यंत ते आपोआप सुटतात. असं केलं की सकाळचा वेळ शून्य. हे मला कळलं त्या दिवसापासून आप्पे आमच्याकडे सुट्टीच्या दिवशी गेले.

गोडाचंही बोलू. वरच्या प्रमाणात एका मफिनमध्ये जेमतेम साडेतीन ग्रॅम गूळ येतो, केळ्याची गोडी वेगळी. आप्प्यात साधारण पाच ग्रॅम. गूळ आहे म्हणून पौष्टिक, असं मात्र मनाशी धरू नका. शरीराच्या दृष्टीने तीही साखरच. गुळाने मऊपणा टिकतो आणि रंग लवकर चढतो, मी तेवढ्यासाठी घालतो.

धोंडस

हे मी यादीत घातलं ते हट्टाने. बेकिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मैदा आणि अंडी येतात, पण कोकणात ओव्हन नव्हता तेव्हाही भाजणं होतंच. चुलीवर पातेलं, झाकणावर निखारे, खालून-वरून मंद आच. पावसाळ्यात परसात वेलांवर मोठी काकडी, म्हणजे तवसं, जून व्हायला लागली की तिचं धोंडस व्हायचं. कुणी त्याला तवसोळी म्हणतं.

माझी पद्धत अशी. वाटीभर तांदळाचा रवा (इडली रवाही चालतो) दोन चमचे तुपावर वास सुटेपर्यंत भाजायचा. तवसं सोलून, बिया काढून, दोन वाट्या कीस करायचा. कीस पिळायचा नाही, त्या पाण्यातच रवा शिजतो. किसण्याआधी देठाकडचा तुकडा चाखून बघा, कडू असेल तर सगळं वाया. कीस, पाऊण वाटी गूळ, अर्धी वाटी ओलं खोबरं, वेलची आणि मीठ घालून कढईत मंद आचेवर परतत राहायचं. आधी ते पातळ होतं आणि वाटतं, बिघडलं. मग हळूहळू रवा पाणी ओढून घेतो, गोळा कडा सोडायला लागतो, उलथणं उभं धरलं तर उभं राहतं. तिथे गॅस बंद.

हे सगळं रात्री करून फ्रीजमध्ये ठेवता येतं. सोडा नाही, पावडर नाही, त्यामुळे जोर उतरायचा प्रश्नच नाही. सकाळी तूप लावलेल्या खळग्यांत दाबून भरायचं आणि 180 अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं, कडा तांबूस होईपर्यंत. हळदीचं पान मिळालं तर त्याचा रुपयाएवढा तुकडा प्रत्येक खळग्याच्या तळाला ठेवा. ओव्हनचं दार उघडल्यावर जो वास येतो त्यासाठी एवढी खटपट करायला हरकत नाही.

छोट्या आकाराचा फायदा इथे सगळ्यात जास्त दिसतो. मोठ्या धोंडसाची वडी मधे ओलसर आणि कड फक्त बाहेरच्या तुकड्यांना, त्यावरून मुलांची भांडणं. छोट्यात प्रत्येकाला चारी बाजूंनी कड. आईने पहिल्यांदा खाल्लं तेव्हा म्हणाली, "बरं झालंय रे, पण खरवड कुठाय?" पातेल्याच्या तळाला लागलेली खरवड तिला लहानपणी मिळायची. ती साच्यात मिळणार नाही, हे मान्य.

ओलं खोबरं असल्यामुळे उन्हाळ्यात मी हे डब्यात देत नाही. केलं त्या दिवशी संपवायचं, फार तर दुसऱ्या दिवशी. गव्हाचा कण नसल्याने ज्यांना गहू चालत नाही त्यांच्यासाठी या चौघांत हाच पर्याय. विकतचा रवा असेल तर त्यात मिसळ नाही ना, हे पाकिटावर बघून घ्या.

दालचिनी रोल

दिसायला सगळ्यात देखणे, वेळ मागण्यात सगळ्यात हावरे. 250 ग्रॅम मैदा, एक छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट, कोमट दूध, थोडी साखर, लोणी. मळायचं, तासभर फुगवायचं, लाटायचं, लोणी-साखर-दालचिनी पसरून वळकटी करून दोन बोटं रुंदीचे तुकडे कापायचे. ते रात्री फ्रीजमध्ये, सकाळी अर्धा-पाऊण तास बाहेर, मग पंधरा मिनिटं भाजायचे. मुंबईच्या बाजूला उकाड्यात पीठ तासाच्या आतही दुप्पट होतं, घड्याळापेक्षा पिठाकडे बघा. दालचिनी पिठात मिसळू नका, तिने यीस्ट मंदावतं. ती सारणातच राहू द्या.

शाळेच्या दिवशी हे करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. रविवारी पाहुणे असतील तर जरूर करा. गार झाल्यावर दुसऱ्या दिवशी निम्मी मजा जाते.

नानकटाई का नाही

लहानपणी मे महिन्यात रवा, मैदा, तूप, साखर घरून घेऊन बेकरीत जायचं, तिथल्या लांब पत्र्यांवर नानकटाई थापली जायची आणि संध्याकाळी डबा भरून परत. त्या आठवणीपोटी ती यादीत आली होती. पण पिठाच्या निम्म्याहून जास्त तूप आणि जवळजवळ तेवढीच साखर, हा चहाबरोबरचा खाऊ झाला, सकाळचं खाणं नव्हे. गोव्याच्या रवा-खोबऱ्याच्या बोलिन्यास बिस्किटांचंही तेच. करायचीच तर तूप थिजलेलं घ्या आणि पांढरं होईपर्यंत फेसा. मी एप्रिलमध्ये पातळ तुपाची केली तेव्हा बारा नानकटायांची एकच पोळी झाली होती.

मग तुम्ही काय करावं

घरी ओव्हन नसेल तर यासाठी मुद्दाम घेऊ नका. बिडाचं आप्पेपात्र आणा, पहिले चार दिवस तेल लावून तापवून मुरवा आणि शनिवार-रविवार आप्पे करा. ओटीजी, म्हणजे ओट्यावर ठेवायचा विजेचा छोटा ओव्हन, पडून असेल आणि मुलं शाळेत जाणारी असतील तर मफिन, तेही रविवारी करून फ्रीझरमध्ये. विजेची धास्ती वाटत असेल तर 1500 वॉटचा ओटीजी अर्धा तास चालला तरी जास्तीत जास्त पाऊण युनिट, आणि तापमान गाठल्यावर तो मधेमधे बंद होत असल्याने त्याहून कमीच. एअर फ्रायर असेल तर 160 अंशांवर सिलिकॉनच्या वाट्यांत सहा-सहा मफिन होतात, पण वरची बाजू आधी लाल होते म्हणून नवव्या मिनिटाला काडी घालून बघा. घरात कुणी म्हातारं माणूस कोकणातलं असेल आणि बाजारात तवसं आलं असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून एकदा धोंडस करा.

साचा घेताना ओव्हनची आतली लांबी-रुंदी पट्टीने मोजा. मी चोवीस खळग्यांचा पत्रा ऑनलाइन मागवला आणि तो आमच्या वीस लिटरच्या ओटीजीतून दोन बोटं बाहेर राहिला, दारच लागेना. परत करायची मुदत मी धुऊन-पुसून ठेवण्यात घालवली. आता बारा खळग्यांचा आहे, दोन खेपांत काम होतं. मोठ्या पत्र्यात आई बटणं, हूक आणि टिकल्या वेगवेगळ्या ठेवते.